युनियन एकीकडे, सभासदाचं मत दुसरीकडे: नाफ्ता ते आजपर्यंत

हुरॉनकाठ (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकेच्या निवडणुकीवर इथे जेवढे धागे निघाले, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी हे लिहितंच: "कामगार असून रिपब्लिकनांना मतं देतात, म्हणजे यांना स्वतःचं भलं कळत नाही." मला हे कधीच पटलेलं नाही. टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या युनियनने सप्टेंबर २०२४ मध्ये सभासदांचा कौल जाहीर केला. ट्रम्प ५९.६ टक्के, हॅरिस ३४ टक्के. मग युनियनने कुणालाच पाठिंबा दिला नाही. तेरा लाखांच्या आसपास सभासद आहेत तिचे. एवढ्या सगळ्यांना भलं कळत नाही म्हणणं जरा अतीच होतं.

आधी थोडा इतिहास. नाफ्ता म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार. त्यावर डिसेंबर १९९२ मध्ये सही केली ती थोरल्या बुश यांनी, तीही निवडणूक हरल्यावर, जाता जाता. संसदेतून पार करून घेतला क्लिंटननी. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी प्रतिनिधीगृहात २३४ विरुद्ध २०० मतं पडली. यातली मेख बघा: बाजूने रिपब्लिकन १३२, डेमोक्रॅट १०२. विरोधात डेमोक्रॅट १५६. म्हणजे स्वतःच्या पक्षाचे बहुसंख्य खासदार नको म्हणत असताना अध्यक्षांनी समोरच्यांच्या मतांवर करार आणला. विरोधाची मोट बांधणारे डेव्हिड बोनियर हे त्याच पक्षाचे व्हिप, मिशिगनमधल्या, आमच्या शेजारच्या मॅकोंब काउंटीतले.

युनियनवाले तेव्हा चांगलेच खवळले होते. पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ, वगैरे. १९९४ ला डेमोक्रॅटांच्या ५४ जागा गेल्या आणि प्रतिनिधीगृहातली चाळीस वर्षांची सत्ताही गेली. यावर युनियनने काय केलं? १९९६ ला एएफएल-सीआयओ या शिखर संघटनेने साडेतीन कोटी डॉलरची मोहीम काढली, त्याच पक्षाला परत आणायला! २००० साली चीनला कायमचा व्यापारी दर्जा द्यायचं विधेयक आलं. पुन्हा तोच खेळ: २३७ विरुद्ध १९७, आणि डेमोक्रॅटांपैकी ७३ बाजूने, १३८ विरोधात. वाहन कामगारांच्या यूएडब्ल्यूचे अध्यक्ष योकिच यांनी मे महिन्यात "राल्फ नेडर (तिसऱ्या पक्षाचे उमेदवार) यांचा विचार करू" अशी हूल दिली आणि ऑगस्टमध्ये निमूटपणे डेमोक्रॅट अल गोर यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

माझं म्हणणं इथेच आहे. पक्षाच्या लेखी युनियन म्हणजे कायमचं गिऱ्हाईक झालं. दुकान बदलत नाही, उधारी थकवत नाही, मग भाव कशाला कमी करायचा? युनियनने पक्षाला किंमत मोजायला लावली नाही, म्हणून सभासदांनी ती एकेकट्याने वसूल केली.

मी इंजिनिअर, म्हणजे युनियनमध्ये नाही. पण गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत. एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधली एक लाइन मेक्सिकोला हलवायची होती. (नाव घेत नाही.) मला काम दिलं होतं ते जुन्या ऑपरेटरशेजारी बसून तो डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) कसा बसवतो ते लिहून घ्यायचं. सेटिंगचे आकडे कागदावर होतेच. कागदावर नव्हतं ते असं: पत्र्याची नवी गुंडाळी लावली की हा पठ्ठ्या पहिले काही तुकडे उलटे करून कडेवरून अंगठा फिरवायचा, बर (कापलेल्या कडेवर उठणारी धार) किती येतेय ते बघायचा, आणि मग डायखाली शिम (पत्र्याची चिपटी) सरकवायचा. कधी पातळ, कधी जाड. "कसं ठरवतोस?" विचारलं तर खांदे उडवायचा. हे सगळं मी लिहून घेतलं, फोटो काढले, आणि त्याची नोकरी खोक्यात भरून पाठवली. एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, युनियनचं पत्रक आलं का, कुणाला मत द्यायचं त्याचं? म्हणाला, "दर वेळी येतं. दर वेळी त्याच पक्षाचं नाव असतं. आणि दर वेळी लाइन जाते ती माझी."

२०१६ ला मिशिगन ट्रम्पनी १०,७०४ मतांनी जिंकलं. एकट्या मॅकोंबमध्ये त्यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. याच मॅकोंबने आधी ओबामांना दोनदा निवडून दिलं होतं. हे लोक रातोरात अडाणी झाले?

पोफळी

धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न: युनियन विरोधात, पक्षाचे निम्म्याहून जास्त खासदार विरोधात, तरी क्लिंटननी हट्ट का धरला? त्यांचा काय फायदा?

आकडेमोड

@पोफळी, कारण त्यांना तो खरोखर योग्य वाटत होता, आणि बहुतेक अर्थतज्ज्ञांनाही. शिवाय १९८४ ला युनियनचा लाडका उमेदवार देऊन पक्ष आपटला होता. मध्यममार्गी दिसायचं, उद्योगांना घाबरवायचं नाही, हा क्लिंटन यांचा मूळ पवित्राच होता. प्रचारातच त्यांनी सांगितलं होतं की कामगार आणि पर्यावरणाची जोडपत्रं लावून करार मान्य करीन. त्यांनी फसवलं असं म्हणता येणार नाही.

आता धागाकर्त्यांना. हुरॉनकाठ, तुमचा प्रसंग मनाला लागतो, पण एका प्रेस लाइनवरून देशाचं अनुमान काढू नये. नाफ्ता लागू झाला १ जानेवारी १९९४ ला. त्यानंतर १९९८ पर्यंत अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या वाढल्या. खरी घसरण २००० नंतरची: सुमारे १ कोटी ७३ लाखांवरून २०१० पर्यंत १ कोटी १५ लाख. त्यात चीन आहे, यंत्रं आहेत, २००८ ची मंदी आहे. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांच्या चमूने चिनी आयातीच्या खात्यावर साधारण २० ते २४ लाख नोकऱ्या टाकल्या, त्याही सगळ्या क्षेत्रांतल्या धरून. नाफ्ताच्या वाट्याला त्यामानाने किरकोळ येतात. खलनायक चुकीचा पकडलाय लोकांनी.

सडेतोड

नाफ्ता, चीन, सगळं खरं, पण कामगार डेमोक्रॅटांना सोडून गेले ते त्याच्या कितीतरी आधी. १९८० ला रेगनना कुणी निवडून दिलं? टीमस्टर्सचा पाठिंबा रेगनना होता, दोन्ही वेळा. विमानतळांवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांच्या पॅटको युनियनचाही होता, आणि ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेल्यावर त्याच रेगननी त्यांचे अकरा हजारांवर लोक काढून टाकले. तुमच्याच मॅकोंबमध्ये १९८५ साली मतचाचणीवाले स्टॅन ग्रीनबर्ग यांनी अभ्यास केला, "रेगन डेमोक्रॅट" (म्हणजे रेगनना मत देणारे डेमोक्रॅट) हा शब्दप्रयोग त्यानंतरच सगळ्यांच्या तोंडी बसला. तेव्हा कुठे होता नाफ्ता? बंदूक, गर्भपात, चर्च, काळ्यांबद्दलचा राग आणि बाहेरून आलेले लोक, हे खरे मुद्दे. व्यापारकरार हे सभ्य निमित्त आहे.

माई_टोलेडो

मी ओहायोत नर्स आहे आणि यूएडब्ल्यूची सभासद आहे. हो, वाहन कामगारांच्या युनियनची! इथे काही हॉस्पिटलांतल्या नर्सेस त्याच युनियनमध्ये आहेत. विद्यापीठांतले संशोधक विद्यार्थी आणि शिकवणारे धरले तर यूएडब्ल्यूत तसे लाखभर लोक आहेत. तेव्हा युनियन म्हटलं की पाना घेतलेला गोरा बाप्या डोळ्यांसमोर आणणं आता सोडा सगळ्यांनी. सरकारी नोकरीत दर शंभरात बत्तीसेक लोक युनियनमध्ये आहेत, खासगीत सहासुद्धा नाहीत. "युनियनवाली घरं अजून डेमोक्रॅटांबरोबर आहेत" असं जेव्हा टीव्हीवर म्हणतात तेव्हा त्यात शिक्षिका आणि आमच्यासारख्या नर्सेस किती असतात ते कुणी बघत नाही. आमची नोकरी कुणी मेक्सिकोला नेत नाही हो.

सडेतोड, काळ्यांबद्दलचा राग म्हणालात, त्यात आपल्यासारख्यांचाही नंबर होता. १९८२ साली व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला डेट्रॉइटजवळ बॅटने मारलं. मारणारा वाहन कारखान्यात सुपरवायझर होता. राग जपानी गाड्यांवरचा, आणि मुलगा ना जपानी ना परका. आजही जुन्या युनियन हॉलच्या पार्किंगमध्ये "परदेशी गाड्या लावू नयेत" अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. मी पहिल्यांदा सभेला गेले ती टोयोटा घेऊन. दारावरच्या आजोबांनी पाटीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझी गाडी केंटकीत बनलीय, पण त्यांची युनियन नाही. रस्त्यावर लाव." मी लावली. पाटीचा जीव नक्की कशात आहे ते मला त्या दिवशी कळलं: देशापेक्षा युनियनमध्ये.

कोल्हापुरी_ठसका

माई, आजोबा १ नंबर. आमच्याकडे असते तर पंचगंगेपलीकडे लावायला सांगितली असती. (दिवा घ्या.)

हुरॉनकाठ

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर आहेत, मला वाद नाही. पण सरासरी ही देशाची असते आणि मतदारसंघ गावाचा. एकीकडे ह्यूस्टनला दहा हजार नोकऱ्या आल्या आणि दुसरीकडे एका गावाची एकुलती एक गिरणी गेली, तर बेरीज छानच दिसणार.

सडेतोड, तुमचा मुद्दा वजनदार आहे, तो झटकत नाही. पण इलियाना कुझिएम्को, एबोन्या वॉशिंग्टन या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काउंटीगणिक तपासलं. मेक्सिकोशी स्पर्धेत जिथले उद्योग सगळ्यात उघडे पडणार होते त्या काउंट्या, बऱ्याचशा दक्षिणेतल्या, कापडगिरण्यांच्या, १९९३ पर्यंत डेमोक्रॅटांकडे झुकलेल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत त्या रिपब्लिकन झाल्या, आणि नंतर तशाच राहिल्या. सामाजिक बाबतींत सनातनी मतं असलेले लोक जास्त सरकले हेही त्यातच आहे. म्हणजे तुमचं आणि माझं दोन्ही. माणूस चर्चच्या मुद्द्यावर आधीच अर्धा बाहेर होता, पगाराच्या मुद्द्यावर आत थांबला होता. करार झाला आणि थांबायचं कारण संपलं.

चादरवाला

"कापडगिरण्या" वाचून थांबलो. सोलापूरचा आहे, टेरी टॉवेलच्या धंद्यातला. नॉर्थ कॅरोलायनात कॅनापोलिस म्हणून गाव आहे, कॅनन मिल्सचं. टॉवेल आणि चादरी. अख्खं गाव गिरणीमालकाने वसवलेलं. तिथे युनियन १९७४ पासून मतदान जिंकायचा प्रयत्न करत होती. पाव शतक हरत राहिली आणि १९९९ ला जिंकली. ३० जुलै २००३ ला पिलोटेक्स कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या मालकाने, सगळं बंद केलं. त्या राज्यातलेच सुमारे ४,८०० लोक एका दिवसात घरी. युनियनला गिरणी मिळाली चार वर्षं.

तो टॉवेल आता कोण विणतं? आपण. आपण, पाकिस्तान, चीन. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालतात त्यातला बराच माल बाहेर जातो. म्हणून या धाग्यावर "बिचारे अमेरिकन कामगार" म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा इथे रात्रपाळीच्या मागवाल्याच्या पोटात गोळा आला, त्याच्याबद्दल तिकडच्या युनियनच्या पत्रकात अक्षर नसणार. असावं असंही नाही. प्रत्येकाची युनियन आपल्या आपल्या गेटपुरती.

आकडेमोड

चादरवाला, हेच तर. मुक्त व्यापाराच्या विरोधात बोलणारे कॅनापोलिस दाखवतात, सोलापूर दाखवत नाहीत. आणि तो टॉवेल स्वस्तात मिळतो म्हणून घेणारी अमेरिकन कामगाराची बायकोही दाखवत नाहीत.

माई_टोलेडो

नवऱ्याची नोकरी गेल्यावर टॉवेल दोन डॉलरने स्वस्त झाला म्हणून तिने आरती ओवाळायची का? "नुकसान झालेल्यांची भरपाई करू" असं प्रत्येक करारावेळी सांगितलं. १९६२ पासूनची ती योजना, व्यापारामुळे नोकरी गेली तर शिक्षण आणि भत्ता. जुने कामगार नेते तिला मयताचा विमा म्हणायचे. पन्नाशीच्या वेल्डरला वैद्यकीय बिलांचं कोडिंग शिकवायचं! माझ्या शेजाऱ्याने केला तो कोर्स, प्रमाणपत्र गॅरेजमध्ये लटकवलंय. आणि जुलै २०२२ पासून ती योजनाही मुदत संपून बंद आहे, नवे अर्जच घेत नाहीत. दोन्ही पक्षांपैकी एकालाही तिच्यासाठी रात्री जागावंसं वाटलं नाही.

गिरणगावकर

लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत, साच्यावर. हुरॉनकाठ, तुमचा "कायमचं गिऱ्हाईक" हा मुद्दा आम्हाला कुणी समजवायला नको. गिरणगाव आधी लाल बावट्याचं. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा जून १९७० मध्ये खून झाला आणि त्यांच्या जागेवर वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. मान्यताप्राप्त युनियन मात्र काँग्रेसच्या कुशीतला राष्ट्रीय मिल मजदूर संघ (आरएमएमएस), कारण १९४६ च्या कायद्याने मान्यता एकाच युनियनला. कामगाराला ती नको असली तरी बोलणी तीच करणार. म्हणून तर १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख लोक दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. मागणी पगाराची होती तितकीच "ही युनियन आमची नाही" हीसुद्धा होती. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही डॉक्टर खासदार झाले. एका घरात बाप लाल बावट्याचा, मुलगा सेनेचा आणि वर्गणी आरएमएमएसची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मत आणि वर्गणी एकाच ठिकाणी जायला हवी हा नियम कुणी केला?

नागपूरकर_नाना

गिरणगावकरांना अनुमोदन. आपल्या घरच्या युनियनने आपल्याच सरकारला व्यापारकरारावर अडवल्याचं उदाहरण हवं असेल तर भारतीय मजदूर संघ बघा. दत्तोपंत ठेंगडी आपल्या आर्वीचे. १९५५ ला मजदूर संघ काढला, १९९१ ला स्वदेशी जागरण मंच. वाजपेयी सरकारच्या आर्थिक धोरणांवर ते उघड तुटून पडायचे, आणि २००३ ला पद्मभूषण नाकारलं. आरसीईपी या आशियाई देशांच्या व्यापारकरारातून ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत बँकॉकमध्ये बाहेर पडला त्यामागे दूधवाले होते, शेतकरी होते, तसा मंचाचाही दबाव होता. आतून भांडता येतं, निष्ठा न सोडता.

सडेतोड

नाना, आतून भांडून कामगार कायदे थांबले का? मग.

चादरवाला

निष्ठेवरून आठवलं, आमचे आडम मास्तर. सीटू या डाव्या कामगार संघटनेचे, माकपचे, तीनदा आमदार. विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा असंघटित लोकांसाठी तीस हजार घरांची वसाहत मंजूर करून आणली. २०१९ च्या कार्यक्रमात व्यासपीठावरून मोदी-फडणवीसांचे आभार मानले, तर पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. घर मिळालं त्या बाईला विचारा निष्ठा कुठे ठेवू, ती म्हणेल आधी नळ कधी येणार ते सांगा.

अ‍ॅडमिन

सोलापूर आणि नागपूर दोन्ही रंजक आहेत, पण मोदी-ठाकरे-पवार सुरू व्हायच्या आत धागा अमेरिकेकडे वळवावा. वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पोफळी

मग आता आयातशुल्काचं काय? युनियनला तेच तर हवं होतं ना? म्हणजे ट्रम्पना पाठिंबा द्यायला हवा.

हुरॉनकाठ

@पोफळी, इथेच गंमत आहे. यूएडब्ल्यूचे अध्यक्ष शॉन फेन २०२४ च्या डेमोक्रॅट अधिवेशनात ट्रम्पना "संपफोड्या" म्हणणारा टीशर्ट घालून उभे होते. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पनी परदेशी गाड्यांवर २५ टक्के शुल्क जाहीर केलं, तर याच फेननी त्याचं स्वागत केलं. लोकांनी कोलांटउडी म्हणून टिंगल केली. मला उलट ते तीस वर्षांतलं पहिलं शहाणपण वाटलं. धोरण पटलं तर धोरणाला हो, माणसाला नाही. गिऱ्हाईकाने पहिल्यांदा दुसऱ्या दुकानात भाव विचारला.

बायडनही त्यांच्यासाठी काही कमी झिजले नव्हते. २६ सप्टेंबर २०२३ ला मिशिगनमधल्या बेलव्हिलमध्ये संपकऱ्यांच्या रांगेत येऊन भोंगा घेऊन बोलले. पदावरचा अध्यक्ष संपाच्या रांगेत, हे आधी कधी झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प मॅकोंबमध्ये आले ते युनियनच नसलेल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात. आणि मतं? २०२४ ला मिशिगन ट्रम्पकडे. भोंगा उशिरा आला.

आकडेमोड

आणि शुल्काने फायदा कुणाचा झाला तेही सांगा. एक वायरिंग हार्नेस किंवा सीटचा सांगाडा गाडीत बसेपर्यंत सीमा किती वेळा ओलांडतो ते तुम्हालाच जास्त माहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेलँटिस या गाड्यांच्या कंपनीने जीप कंपास कॅनडातल्या ब्रॅम्पटनऐवजी इलिनॉयमधल्या बेल्व्हिडेअरला काढायचं जाहीर केलं. इकडे यूएडब्ल्यूच्या टाळ्या, तिकडे कॅनडातल्या वाहन कामगारांच्या युनिफॉरच्या डोळ्यांत पाणी. १९८५ पर्यंत ही दोन्ही एकाच युनियनची माणसं होती!

हुरॉनकाठ

मान्य. भाऊबंदकी आहे. बेल्व्हिडेअर उघडायचं वचन २०२३ च्या संपात पदरात पाडून घेतलेलं होतं हे मात्र विसरू नका, सगळं श्रेय शुल्काला नको. बाकी शुल्कामुळे आमच्यासारख्या सुटे भाग बनवणाऱ्यांची जी ओढाताण होते त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

केरेतारोवासी

इतका वेळ वाचतोय, पण ज्या मेक्सिकोला सगळ्या लाइनी आल्या तिथला कुणी बोललाच नाही. मी इथे वाहन उद्योगातच आहे. हुरॉनकाठ, तुमच्या ऑपरेटरचा अंगठा आमच्याकडे पोचला असेल, पगार पोचला नाही.

इथल्या जुन्या युनियनला लोक चार्रो म्हणतात, मालकाच्या खिशातली. कारखान्याचा पाया खणायच्या आधी कंपनी युनियन निवडते, करार होतो, आणि कामगाराला वर्षानुवर्षं माहीतच नसतं की आपण कुठल्या युनियनमध्ये आहोत. सगळ्यात मोठी सीटीएम, १९३६ ची, म्हणजे पीआरआय या जुन्या सत्ताधारी पक्षाचा कामगार विभागच. फिदेल वेलास्केस १९९७ ला वारले तेव्हाही तेच सर्वेसर्वा होते. गिरणगावकर, तुमच्या आरएमएमएसची आठवण आली की नाही?

नाफ्ताच्या कामगार जोडपत्राने यातलं काही हललं नाही. हललं ते नाफ्ताच्या जागी आलेल्या नव्या यूएसएमसीए कराराने, १ जुलै २०२० पासून. गाडीचा ७५ टक्के भाग तिन्ही देशांतला हवा, आणि ४० ते ४५ टक्के काम तासाला सोळा डॉलर मिळवणाऱ्या हातांचं हवं, हे तर आहेच. पण खरा दात त्या जलद तक्रार-यंत्रणेत आहे: कारखान्यात युनियनचं मतदान दाबलं तर थेट त्या कारखान्याच्या मालावर कारवाई. पहिलंच प्रकरण जनरल मोटर्सच्या सिलाओ कारखान्याचं, मे २०२१. मतपत्रिकांमध्ये घोळ केला होता जुन्या युनियनने. ऑगस्टमध्ये परत मतदान झालं आणि कामगारांनी सीटीएमचा करार फेटाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिंट्टिया ही नवी स्वतंत्र युनियन जिंकली, अलेहांद्रा मोरालेस नावाची त्याच कारखान्यातली बाई तिची प्रमुख. तीन महिन्यांत साडेआठ टक्के पगारवाढ.

माई_टोलेडो

हे माहीत नव्हतं! आणि हे कलम कुणी घातलं? ट्रम्प की डेमोक्रॅट?

केरेतारोवासी

दोघांनी, एकमेकांवर कुरघोडी करता करता. करार ट्रम्पचा. पण २०१८ च्या शेवटी सभागृह डेमोक्रॅटांच्या हातात आलं आणि एएफएल-सीआयओचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रमका यांनी सांगितलं, अंमलबजावणीला दात बसवल्याशिवाय आमची संमती नाही. वर्षभर अडवून धरलं. डिसेंबर २०१९ मध्ये ती यंत्रणा आत आली तेव्हा होकार दिला आणि ३८५ विरुद्ध ४१ ने पास झालं. मशिनिस्ट युनियन शेवटपर्यंत विरोधात राहिली ती राहिलीच.

हुरॉनकाठ

हे मी मूळ लेखात घ्यायला हवं असं आता कुणी म्हणेल, पण माझ्याच मुद्द्याची ही दुसरी बाजू आहे: १९९३ ला युनियन नुसती ओरडली, २०१९ ला तिने मत हातात ठेवून भाव ठरवला. एका रिपब्लिकन अध्यक्षाच्या करारावर. म्हणून तर काहीतरी मिळालं.

सडेतोड

आणि तरी २०२० ला त्याच युनियनचा पाठिंबा बायडनना. गिऱ्हाईक परत त्याच दुकानात.

हुरॉनकाठ

पाठिंबा बायडनना, मतं विभागलेली. शीर्षक तेच आहे साहेब.

पोफळी

सिलाओच्या बायाबापड्यांनी मग मत कुणाला दिलं? मोरेना या सत्ताधारी पक्षाला?

केरेतारोवासी

कारखान्यातलं मतदान आणि देशातलं मतदान मी एकत्र करणार नाही, सिंट्टिया स्वतःला कुठल्याच पक्षाची म्हणवत नाही. एवढं सांगतो की २०१८ ला इथलं किमान वेतन दिवसाला ८८ पेसो होतं, २०२५ ला २७८.८० झालं. मोरेनाला मतं मिळायला तेवढं पुरतं. यूएसएमसीएचा आढावा करारातच जुलै २०२६ ला लिहून ठेवलाय. जलद तक्रारीचं कलम त्यात टिकतं की जातं यावर आमच्या शॉप फ्लोअरवर पैजा लागल्यात.

गिरणगावकर

टिकेल यावर माझा एक वडापाव.

आकडेमोड

जाईल यावर दोन. आणि चटणी वेगळी.